मऊपणाचे माप : चुंबक, पेशी आणि रक्त

लोखंडाची ताकद कशी मोजावी हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सळई दोन टोकांवर टेकवावी, मध्ये वजन टांगावे आणि ती किती वाकते ते पाहावे. लाकूड, दगड, दोरखंड यांची परीक्षाही थोड्याफार फरकाने अशीच होते. परंतु जे मऊ आहे त्याचे काय? कणकेचा गोळा, अंड्याचा बलक, जिभेचा स्नायू, गर्भातील नुकती आकार घेऊ लागलेली ऊती आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली एकेक जिवंत पेशी यांची ताकद कशी मोजावयाची? पेशीला वजन टांगायला जागा नाही. चिमट्यात धरावी तर ती फुटते आणि कापून पाहावी तर जे मोजावयाचे तेच नाहीसे होते. गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला जी काही उत्तरे मिळाली, त्यांपैकी एक उत्तर चुंबकाच्या साहाय्याने मिळाले. त्याची हकिकत येथे सांगावयाची आहे.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून लिहिणारे आम्ही इतिहासाचे अध्यापक. आमची कारणे दोन. पहिले असे की, आपल्या समाजातील अनेक घरांना ज्या सिकलसेल आजाराने ग्रासले आहे, तो आजार मुळात पेशीने आपला मऊपणा गमावण्याचा आजार आहे. ही गोष्ट पालकांना नीट समजावून सांगितली जात नाही. दुसरे कारण याच्या उलट बाजूचे. चुंबकाचे नाव घेऊन वस्त्यावस्त्यांतून कडी, पट्टे, गाद्या आणि ‘चुंबकीय पाणी’ विकले जाते. त्या विक्रीतील चुंबक आणि प्रयोगशाळेतील चुंबक यांत काय अंतर आहे, हे ओळखता यावे इतके ज्ञान आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याजवळ असावयास हवे.

प्रथम मऊपणा म्हणजे काय ते पाहू. रबर ताणून सोडले की लगेच पूर्ववत होते; या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. काकवी कलती केली की संथपणे वाहू लागते आणि वाहिलेली काकवी परत मागे येत नाही. वाहण्याला होणाऱ्या या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. आता कणकेकडे पाहा. मळलेल्या कणकेच्या गोळ्यात बोट दाबून काढले, तर खळगा थोडा भरून येतो, पण हळूहळू आणि अर्धवट. म्हणजे कणकेत रबराचाही अंश आहे आणि काकवीचाही. झटकन दाबली तर ती रबरासारखी वागते, बराच वेळ दाबून धरली तर काकवीसारखी. सजीवांच्या शरीरातील बहुतेक सर्व मऊ पदार्थ या कणकेच्या जातीचे आहेत. त्यामुळे ‘पेशी किती घट्ट आहे?’ एवढाच प्रश्न अपुरा ठरतो. किती जोराने, किती वेळ आणि किती वेगाने दाबल्यावर ती कशी वागते, असे विचारावे लागते.

हे समजून घेण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. घरी खाण्यासाठी चायना ग्रास करतात, तेच नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट पाणी घालून काचेच्या पेल्यात ओतावे. ते जरा गोठू लागले की सायकलच्या चाकातील पोलादी छर्रा मध्यभागी सोडावा आणि पूर्ण गोठू द्यावे. पेल्याच्या मागे मोजपट्टी उभी करावी. जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक एका बाजूने हळूहळू जवळ आणावा. छर्रा चुंबकाकडे काही मिलिमीटर सरकतो आणि थांबतो. चुंबक दूर नेला की मागे येतो. पूर्ण येतो की थोडा मागे राहतो, ते पट्टीवर पाहावे. चुंबक फारच जवळ नेला तर गोठलेला पदार्थ फाटतो आणि छर्रा परतत नाही. कमी पाणी घातलेल्या दुसऱ्या पेल्यात तोच चुंबक तितक्याच अंतरावर धरला तर छर्रा कमी सरकेल. एवढ्यात संपूर्ण पद्धतीचे सार आले. मऊ पदार्थाच्या आत एक चुंबकीय कण, बाहेर एक चुंबक, आणि कण किती हलला हे पाहणारा डोळा. प्रयोगशाळेत छर्ऱ्याच्या जागी काही मायक्रोमीटरचा मणी असतो आणि डोळ्याच्या जागी सूक्ष्मदर्शक. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

चुंबकच का, याचे कारणही याच पेल्यात दिसते. चुंबकाने छर्ऱ्याला ओढले. मधल्या पदार्थाला नाही. काच, पाणी, चायना ग्रास यांतून चुंबकीय क्षेत्र जणू ते नाहीतच अशा रीतीने आरपार गेले. प्राण्यांच्या ऊतींचेही असेच आहे. म्हणून पेशीच्या पोटात, तिची भिंत न फोडता, केवळ एका मण्यावर बल लावता येते. शिवाय चुंबक दोन प्रकारे काम करतो. क्षेत्र सर्वत्र सारखे असेल तर होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो मण्याला केवळ वळवतो; क्षेत्र एका टोकाकडे तीव्र होत गेले असेल तर मण्याला त्या टोकाकडे ओढतो. वळवावे की ओढावे, हे संशोधकाच्या हातात राहते. ही बले किती सूक्ष्म असतात? शंभर ग्रॅमचा पेरू तळहातावर ठेवला तर तो साधारण एक न्यूटन बलाने हात दाबतो. एकेका रेणूवरील प्रयोगांत पिकोन्यूटन मोजले जातात, आणि एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग.

या पद्धतीचा इतिहास १९२० च्या दशकात जर्मनीत सुरू होतो. म्युन्स्टर येथील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड हाइलब्रॉन यांनी १९२२ साली श्लेष्म-बुरशीच्या जिवंत द्रव्यात लोखंडाचे कण घालून विद्युतचुंबकाने ते हलवले. पेशीतील द्रव्य पाण्यासारखे पातळ आहे की घट्ट, हा त्या काळी मोठा वादाचा विषय होता. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइंडलिश आणि अमेरिकन विल्यम सायफ्रिझ यांनी जिलेटिनसारख्या पदार्थांत निकेलचा कण ठेवून, चुंबकाने तो किती सरकतो आणि चुंबक काढल्यावर किती मागे येतो ते मोजले. आमचा वर सांगितलेला पेला म्हणजे त्यांच्याच प्रयोगाचे गरिबाघरचे रूप आहे.

दहा वर्षांनी काय झाले, हे येथे सांगणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कुळातील अध्यापकांना विद्यापीठांतून व संशोधन संस्थांतून दूर करण्यात आले. हाइलब्रॉन यांना तुर्कस्तानात जावे लागले. इस्तंबूल विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले आणि वनस्पती उद्यान उभारले. फ्रॉइंडलिश प्रथम लंडनला आणि नंतर अमेरिकेस गेले. दोघांच्याही विद्वत्तेविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती जन्माविषयी. आपल्या वाचकांना याचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा इंग्लंडमधील केंब्रिजचा आहे आणि तो फ्रान्सिस क्रिक यांच्या नावाशी जोडलेला आहे. डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचे एक जनक म्हणून क्रिक सर्वांना माहीत आहेत. परंतु त्यापूर्वी त्यांनी काय केले हे पाठ्यपुस्तकांत येत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते. संशोधनासाठी त्यांना दिलेला विषय होता उकळबिंदूपेक्षा अधिक तापमानाला, दाबाखाली असलेल्या पाण्याची श्यानता मोजणे. हा विषय त्यांना अत्यंत कंटाळवाणा वाटे. महायुद्धात त्यांचे उपकरण बॉम्बस्फोटात नष्ट झाले आणि ते काम तेथेच थांबले. युद्धकाळात ते ब्रिटिश नौदलासाठी सागरी सुरुंगांच्या रचनेवर काम करीत होते. त्यांत चुंबकीय सुरुंगही होते. जहाजाच्या पोलादामुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल ओळखून हे सुरुंग फुटतात.

युद्ध संपल्यावर एकतिसाव्या वर्षी, १९४७ मध्ये, क्रिक जीवशास्त्राकडे वळले. ज्या वयात आपल्याकडे ‘आता काय शिकणार’ असे म्हणून माणसाला मोडीत काढतात, त्या वयात त्यांनी नव्या शास्त्राची मुळाक्षरे गिरवली. त्यांना जागा मिळाली ती केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत. या संस्थेचे संचालकपद १९२९ पासून सुमारे चार दशके ऑनर फेल या विदुषीकडे होते, आणि शरीराबाहेर काचपात्रात ऊती जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र तेथे उत्तम रीतीने विकसित झाले होते. आर्थर ह्यूज यांच्यासह क्रिक यांनी कोंबडीच्या गर्भापासून वाढवलेल्या पेशी घेतल्या. या पेशींना जवळचे कण गिळण्याची सवय असते. त्यांना चुंबकीय भुकटीचे कण गिळू दिले. मग बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून आतले कण कधी वळवले, कधी ओढले, कधी त्यांनी आतील द्रव्याला ढोसून पाहिले. १९५० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पाण्याच्या श्यानतेचे कंटाळवाणे गणित आणि सुरुंगातील चुंबक या दोन्हींचा अनुभव असलेल्या माणसाच्या वाट्याला हा प्रयोग यावा, हा योगायोग आम्हांस फार मौजेचा वाटतो. निष्कर्ष असा निघाला की पेशीद्रव हा साधा द्रव नाही. कण वळवून चुंबक काढला की तो काही अंशी उलट फिरे. अर्थात आतमध्ये कोठेतरी ताण साठवणारी, रबराच्या गुणाची रचना होती. त्या काळी उपलब्ध सूक्ष्मदर्शकांतून ती रचना दिसत नव्हती. क्रिक आणि ह्यूज यांनी आपल्या निबंधात पेशीच्या अंतरंगाची तुलना आईच्या शिवणकामाच्या टोपलीशी केली आहे : मणी, गुंड्या, टाचण्या आणि दोरे यांचा एकत्र झालेला गुंता. आपल्याकडे गोधड्या शिवणाऱ्या आजीचा डबा ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना ही उपमा चटकन पटेल. त्या डब्यात हात घातला तर तो काही अंतर सहज आत जातो आणि मग दोऱ्यांत अडकतो. पुढील संशोधनात हे दोरे प्रत्यक्ष दिसले. प्रथिनांच्या तंतूंचे जाळे पेशीत पसरलेले असते आणि त्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. नुसत्या ढोसण्यातून त्या सांगाड्याची चाहूल लागली होती, ही बाब दखल घेण्याजोगी आहे. (या क्रिक यांनी पुढील आयुष्यात वंश आणि बुद्धिमत्ता यांविषयी जी मते मांडली, ती आम्हांला मुळीच मान्य नाहीत. एका क्षेत्रातील मापन अचूक असले म्हणून माणसाची सर्व मते अचूक ठरत नाहीत.)

क्रिक यांनी लवकरच हा मार्ग सोडला. पद्धत मात्र टिकली, आणि १९८० नंतर सूक्ष्म मणी एकसारख्या आकाराचे मिळू लागल्यावर तिला नवे बळ आले. १९९२ साली स्मिथ, फिन्झी आणि बुस्तामान्ते यांनी डीएनएच्या एकाच रेणूचे एक टोक काचेला आणि दुसरे चुंबकीय मण्याला चिकटवले आणि तो ताणून त्याची लवचीकता मोजली. एकेकट्या रेणूला दोरीसारखा ओढण्याचे हे काम आज प्रयोगशाळांतून नित्याचे झाले आहे.

आमच्या मते या सर्व प्रवासातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रयोग १९९३ सालचा आहे. वांग, बटलर आणि इंगबर या अमेरिकेतील संशोधकांनी केशवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी घेतल्या. या वेळी मणी पेशीच्या आत न घालता बाहेरून चिकटवले. परंतु दोन निरनिराळ्या प्रकारे. पेशी ज्या हातांनी आपल्या आधाराला घट्ट धरून ठेवते, त्या हातांना इंटेग्रिन म्हणतात. काही मणी या इंटेग्रिनशी जोडले गेले. इतर काही मणी पेशीच्या पृष्ठभागावरील अशा ग्राहकाशी जोडले, ज्याचा पकडीशी संबंध नाही. मग अत्यल्प काळ तीव्र क्षेत्र लावून सर्व मणी एका दिशेने चुंबकित केले आणि काटकोनातून, पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही दसपट इतके सौम्य क्षेत्र लावून त्यांना पिळले. पकडीशी संबंध नसलेले मणी पिळले तेव्हा पेशीने फारसा विरोध केला नाही. इंटेग्रिनला जोडलेले मणी पिळले तेव्हा मात्र पेशी ताठर झाली, आणि पीळ जितका वाढवला तितकी अधिक ताठर होत गेली. आतील तंतूंचे जाळे औषधाने विस्कळीत केल्यावर हा ताठरपणा कमी झाला. म्हणजे बल पेशीच्या कातडीवर थांबत नाही. ते ठरावीक वाटेने आतील सांगाड्यापर्यंत पोहोचते आणि सांगाडा त्याला प्रतिसाद देतो.

पेशीला स्पर्श कळतो, इतकेच नव्हे तर तो कोठे झाला हेही कळते, असे या प्रयोगाचे सार सांगता येईल. ‘स्पर्श’ हा शब्द आपल्या समाजाने कोणत्या किमतीला शिकला हे आम्ही जाणतो, म्हणूनच येथे एक सावधगिरी सांगतो. पेशीवरील प्रयोगातून समाजाचा सिद्धांत काढू नये. तसेच, अनित्यता आणि प्रतीत्यसमुत्पाद यांचा उपदेश करणाऱ्या तथागतांना हे सारे पूर्वीच ठाऊक होते, असेही आपल्यापैकी कोणी म्हणू नये. ‘आमच्या ग्रंथांत सर्व विज्ञान आहे’ असे म्हणणाऱ्यांना आपण हसतो. तेच वाक्य आपल्या तोंडी शोभणार नाही. कालामांना केलेल्या उपदेशात परंपरा आणि ग्रंथ यांवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले आहे. त्या वृत्तीशी वरील मण्यांचे नाते आहे आणि तेवढे पुरे आहे.

अलीकडची एक गोष्ट ओझरती सांगतो. २०१७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी झेब्राफिश या माशाच्या वाढत्या भ्रूणात चुंबकीय तेलाचा सूक्ष्म थेंब सोडला आणि चुंबकाने तो लांबट करून, भोवतालची ऊती किती विरोध करते ते मोजले. शेपटीच्या टोकाकडील ऊती अधिक प्रवाही असल्याचे आढळले. शरीर घडताना ते आधी ओल्या मातीसारखे असते आणि घडत घडत थिजते, असे चित्र यातून दिसू लागले आहे. हा इवलासा मासा मूळचा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला.

आता रक्ताकडे येऊ. तांबडी रक्तपेशी साधारण आठ मायक्रोमीटर रुंद, दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असते. सर्वांत बारीक केशवाहिन्या तिच्याहून अरुंद असतात आणि प्लीहेतील फटी तर जेमतेम एक मायक्रोमीटरच्या असतात. या वाटांतून ती आयुष्याच्या सुमारे १२० दिवसांत असंख्य वेळा घडी पडून जाते आणि बाहेर पडताच पुन्हा पूर्ववत होते. ही किमया केवळ मऊपणाची आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी तांबड्या पेशींवर चुंबकीय मणी चिकटवून त्यांना निरनिराळ्या वेगांनी पिळण्यात आले. तेव्हा असे दिसले की पेशीचा रबरासारखा गुण वेगानुसार फारसा बदलत नाही, मात्र काकवीसारखा गुण वेग वाढेल तसा वाढत जातो. निरोगी पेशी कशी वागते याचे असे माप हाती असले, म्हणजे आजारी पेशीत काय बिघडले हे अंकांत सांगता येते.

सिकलसेलमध्ये बिघडते ते हिमोग्लोबिन. आणि हिमोग्लोबिनचा चुंबकाशी स्वतःचा एक जुना संबंध आहे. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ साली दाखवले की प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाते, तर प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते. १९४५ मध्ये पॉलिंग यांना एका डॉक्टरांकडून कळले की सिकलसेलच्या रुग्णांच्या पेशी प्राणवायू कमी असलेल्या रक्तात वाकड्या होतात. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. तो सिद्ध करण्याचे काम त्यांचे विद्यार्थी हार्वी इटानो यांनी सहकाऱ्यांसह केले आणि १९४९ साली ते प्रसिद्ध झाले. इटानो हे जपानी वंशाचे अमेरिकन नागरिक. १९४२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ पदवीधर म्हणून पदक जाहीर केले, तेव्हा ते पदक घेण्यास ते उपस्थित राहू शकले नाहीत. कारण जपानी वंशाच्या म्हणून ज्या लाखाहून अधिक माणसांना सरकारने छावण्यांत डांबले, त्यांत तेही होते. हाइलब्रॉन, फ्रॉइंडलिश आणि इटानो. चुंबकाच्या आणि रक्ताच्या या लहानशा इतिहासात तीन वेळा जन्म आडवा आला आहे.

पुढे १९५६ मध्ये केंब्रिजमध्येच व्हर्नन इंग्राम यांनी दोषाचे नेमके ठिकाण शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. परंतु त्यामुळे प्राणवायू सोडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू बनतात. पेशी विळ्यासारखी वाकते आणि कडक होते. मग ती अरुंद वाटेत अडकते आणि तिच्या मागे रक्त तुंबते. हाडांत, पोटात, छातीत उठणाऱ्या असह्य कळांचे कारण हे आहे. अशा पेशी १२० ऐवजी अवघे दहा ते वीस दिवस टिकतात, म्हणून रक्त कमी होते. रुग्ण मूल खेळताना लवकर दमते, थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर कळा येतात, याला आळस म्हणणारे शिक्षक आणि बाहेरची बाधा म्हणणारे नातेवाईक दोघेही चुकतात.

चुंबकविक्रेत्यांच्या दाव्याची परीक्षा आता करता येईल. ते सांगतात की रक्तात लोह आहे, चुंबक लोह ओढतो, म्हणून कडे घातल्याने रक्त ‘शुद्ध’ होऊन फिरू लागते. रक्तातील लोह हे खिळ्यातील लोखंड नव्हे. तो हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेला एकेक अणू आहे आणि चुंबकाला त्याची दाद अतिशय क्षीण असते. रुग्णालयातील एमआरआय यंत्रात साधारण दीड टेस्लाचे क्षेत्र असते. पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते सुमारे तीस हजार पट भरते. त्यातून माणूस सुखरूप बाहेर येतो, त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. आणि मुळात, पेशी चुंबकाला जाणवण्याजोगी दाद देत नाही म्हणूनच तर गेली शंभर वर्षे शास्त्रज्ञांना तिला बाहेरचा कण चिकटवावा लागला! एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. १९६५ साली मुरायामा यांनी दाखवले की विळ्याच्या आकाराच्या पेशी द्रवात मोकळ्या तरंगत असताना तीव्र चुंबकीय क्षेत्रात आडव्या रांगेत वळतात. उद्या एखादा चतुर विक्रेता हा शोधनिबंध दाखवील. त्याला एवढेच विचारावे, की वळलेली पेशी सरळ झाली का, मऊ झाली का? ती वळते, तिचे तंतू सुटत नाहीत. कड्यासाठी मोजलेले पैसे मुलाच्या औषधातून वजा होतात, ही आमची खरी तक्रार आहे.

पालकांसाठी प्रत्यक्ष उपयोगाच्या काही गोष्टी सांगून लेख आटोपतो. विदर्भात हा आजार गोंड, प्रधान यांसारख्या आदिवासी समूहांत आणि आपल्या बौद्ध समाजात विशेष दिसतो. इतर जातींतही तो आहे. हे कोणत्याही पापाचे वा अस्वच्छतेचे फळ नाही. ज्या प्रदेशांत हिवतापाचे थैमान होते, तेथे सिकलचे एकच जनुक असलेली मुले तीव्र हिवतापातून अधिक वाचली, म्हणून ते जनुक टिकून राहिले. अशी व्यक्ती केवळ वाहक असते, सामान्यतः रुग्ण नसते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात, स्वजातीतच विवाह करण्याची रूढी हा जातीचा प्राण असल्याचे दाखवून दिले होते. ज्या समूहात वाहक पुष्कळ आहेत, त्या समूहाने आपल्यातच लग्ने जुळवत राहिल्यास दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, हेही त्या रूढीच्या हिशेबात धरावे. तरीही लग्न मोडण्यासाठी चाचणी नव्हे. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल या आजाराचे रुग्ण होत नाही. दोघेही असतील तर गर्भावस्थेतील तपासणीविषयी वेळेवर सल्ला घेता येतो.

शासनाची राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे. प्राथमिक चाचणी बोटातील रक्ताच्या थेंबावर होते. ती सदोष आली तर पुढील तपासणीत वाहक की रुग्ण हे निश्चित केले जाते. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपलब्ध आहे. त्याने गर्भावस्थेतील प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते, तंतू बनण्यास अडथळा येतो आणि पेशी अधिक काळ मऊ राहते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणी करीतच घ्यावयाचे असते. वसतिगृहात प्रवेश घेताना मुलाच्या चाचणीचा अहवाल सोबत द्यावा, म्हणजे पाण्याची बाटली, हिवाळ्यातील गरम कपडे आणि मैदानावरची विश्रांती यांची व्यवस्था पहिल्या दिवसापासून करता येते.